मीठसाहेब

ताटात मीठ कुठे वाढतात यावरून माणसाच्या अंगात पुढारीपण आहे की नाही ते ओळखता येतं, असं मानणारे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. नुसते पाहिले नाहीत, त्यांच्या हाताखाली पावणेदोन वर्षं टाइपरायटर बडवला आहे. गृहस्थ वेडे नव्हते. वेडे असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं, कारण वेड्याचं म्हणणं टाइप करून वरिष्ठांच्या टेबलावर कुणी ठेवत नाही. हे आमच्या कंपनीचे रीतसर नेमलेले सल्लागार होते.

कंपनी पिंपरीच्या पुढे, मुंबईच्या हमरस्त्याला लागून होती. सत्तर सालाच्या पुढची-मागची गोष्ट. आम्ही पंप बनवत होतो आणि एका जर्मन कंपनीशी आमचा करार होता. मशीन शॉपमध्ये रावेत, मोशीकडून सायकली हाणत येणारे शेतकऱ्यांचे मुलगे होते, मराठवाड्यातून पोटासाठी आलेले होते, रत्नागिरीकडचे होते, केरळचे वेल्डर होते, स्टोअरमध्ये पिंपरी कॅम्पातले दोन सिंधी होते आणि पुण्याहून कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत येणारे आम्ही कारकून होतो. ही सगळी मंडळी एकमेकांची टिंगल करत, एकमेकांकडे बिड्या मागत, ठरल्या वेळेत पंप बाहेर काढत होती. पण आमचे एमडी मुंबईला कुठल्याशा परिषदेला गेले. इतक्या तऱ्हेची माणसं एका छपराखाली आहेत म्हणजे तुमच्याकडे प्रश्न असणारच, असं त्यांना तिथे एकाने चहा पिता पिता सांगितलं. ज्याने प्रश्न सांगितला त्याच्याकडेच उत्तरही होतं, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी ते घेऊन यायला तो तयार होता.

मी पर्सोनेल खात्यात कनिष्ठ कारकून होतो. इंग्रजी टाइपिंग बरं होतं आणि विशेष काम नव्हतं, म्हणून मला या सल्लागारांच्या दिमतीला दिलं.

पहिल्याच दिवशी ते आले ते गळ्यात टाय आणि पायात कोल्हापुरी वहाणा घालून. दोन्ही संस्कृतींचा मान राखावा, असं त्यांचं म्हणणं. शॉपच्या दारात वॉचमनने अडवलं, "वहाणा चालायच्या न्हाईत साहेब, पायावर लोखंडी जॉब पडला तर बोट जाईल." साहेबांनी बूट मागवले नाहीत. खिशातून डायरी काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं: पादत्राणांबाबत खालच्या स्तरावर अधिकाराची तीव्र जाणीव. मग ते दाराबाहेरून टाचा उंचावून शॉप पाहू लागले. त्यांचा पहिला अहवाल या अभ्यासावर आधारलेला होता आणि तो एकोणीस पानांचा झाला.

त्यांची एक प्रश्नावली होती, बेचाळीस प्रश्नांची. तुमच्या घरात मोठ्या आवाजात कोण बोलतं? पाहुणा आला तर आधी पाणी देता की आधी खुशाली विचारता? स्वप्नात बोलता ते कोणत्या भाषेत? आणि सातव्या नंबरला तो प्रसिद्ध प्रश्न, तुमच्याकडे ताटात मीठ कुठे वाढतात? डावीकडे म्हणणारा परंपरेत रुजलेला. मध्यभागी म्हणणारा समतोल. विचार करून सांगतो म्हणणारा पुढे-मागे नेता होणार. हा प्रश्न त्यांनी रावेतच्या तात्यांना विचारला. तात्या आमच्या शॉपमधले सगळ्यांत जुने लेथवाले. ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं ताटात न्हाई वाढत साहेब. कालवणात टाकत्यात."

साहेबांनी ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मला म्हणाले, "बघा, काय विलक्षण सामूहिकता आहे!" त्या दिवसापासून अख्ख्या शॉपमध्ये त्यांचं नाव मीठसाहेब पडलं. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते खूश झाले. समूहाने आपला स्वीकार केला, असं त्यांनी मला डिक्टेट केलं.

"माणूस वाचायचा असेल तर त्याचा डबा उघडा," हे त्यांचं आवडतं वाक्य. जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनमध्ये पाठीमागे हात बांधून फिरत आणि लोकांच्या डब्यांत वाकून बघत. भाकरी, ठेचा, तांबडा भात, सुकी मासळी, सगळ्यांची नोंद व्हायची. प्रत्येक डब्यापुढे त्यांच्या चेहऱ्यावर देवळात गेल्यासारखा भाव यायचा. मात्र ते स्वतः खायचे घरून आणलेले उकडलेले बटाटे आणि एक केळं. एकदा मोशीच्या एका पोरगेल्या फिटरने आग्रह करकरून भाकरीचा तुकडा आणि त्यावर ठेचा त्यांच्या हातावर ठेवला. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला, त्याचं पेन्सिलने चित्र काढलं, रंगाची नोंद केली आणि मग तुकडा कागदात गुंडाळून माझ्याकडे दिला. "फाइलला लावा," म्हणाले. मी तो खाल्ला. चांगला होता.

कँटीनमध्ये माणसं आपापल्या गटाने बसतात हे त्यांना बघवेना. त्यांनी पाच रंगांचे पत्र्याचे बिल्ले करून घेतले. मावळातल्या गावकऱ्यांना हिरवा, मराठवाड्याला पिवळा, कोकणाला निळा, केरळला तांबडा आणि आम्हा पुण्याच्या लोकांना पांढरा. नियम असा की प्रत्येक टेबलावर पाचही रंग दिसले पाहिजेत. पहिले दोन दिवस सगळे अवघडून बसले. कुणाला कुणाशी काय बोलावं कळेना, कारण एरवी कामावर जे बोलायचे ते आता सांस्कृतिक देवाणघेवाण झालं होतं. तिसऱ्या दिवशी लोकांनी बिल्ले बदलून घेतले आणि पूर्ववत आपल्या नेहमीच्या टेबलांवर जाऊन बसले. सात-आठ मावळी गडी एका टेबलावर जेवत होते आणि त्यांच्या खिशांवर पाचही रंग चमकत होते. एक वेल्डर तर चार बिल्ले लावून बसला होता. साहेबांनी दारातून रंग मोजले, त्यांचे डोळे भरून आले. त्या प्रयोगाचा तक्ता पुढे जर्मनीलाही पाठवला गेला.

जर्मन इंजिनिअरलाही त्यांनी सोडलं नाही. आडदांड, सरळ माणूस होता तो. त्याला साहेबांनी तीन दुपारी कोंडून शिकवलं की हिंदुस्थानात 'हो' म्हणजे हो नसतं, ते समोरच्याचा मान राखण्यासाठी म्हटलेलं असतं, त्यामागचं मौन ऐकायला शिका. तोपर्यंत या जर्मनाचं सगळ्यांशी उत्तम जमत होतं. त्यानंतर त्याचा कुणावर विश्वास राहिला नाही. गिअरबॉक्समध्ये ऑइल भरलंय का विचारल्यावर शॉपमधला एक मुलगा "हो" म्हणाला, म्हणून त्याने स्वतः पुन्हा भरलं. सगळं ऑइल बाहेर आलं, जमिनीवर पसरलं आणि त्यावरून घसरून जर्मन साहेबच कमरेवर आपटला. आमच्या सल्लागारांनी या घटनेचं वर्णन 'विश्वासनिर्मितीच्या प्रक्रियेतील एक वेदनादायी टप्पा' असं केलं.

आता वाटेल की एवढा निरुपद्रवी माणूस, मग त्याच्यावर इतकं चिडून लिहायचं कारण काय? सांगतो.

त्यांच्या त्या बेचाळीस प्रश्नांत एक प्रश्न नव्हता. मी टाइप करता करता एकदा विचारलं होतं, "सर, जातीबद्दल काही विचारायचं नाही का?" ते दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "अहो, आपण नवं जग उभारतोय. ते सगळं मागे पडलंय. आपण विचारलं तर आपणच ते परत आणल्यासारखं होईल." मला तेव्हा ते फार उदात्त वाटलं. आमच्या आळीतही सगळ्यांना ते मागे पडल्यासारखंच वाटायचं. आमचं कुठे काही अडत नव्हतं ना.

त्या वर्षअखेर मशीन शॉपचे फोरमन निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी कोण, याचा निर्णय एमडींनी सल्लागारांच्या शिफारशीवर सोपवला. शॉपमध्ये मात्र याबद्दल कुणालाच शंका नव्हती. गायकवाड.

गायकवाड बारा वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून लागला होता आणि आता चार्जहँड होता, म्हणजे काम फोरमनचं आणि खुर्ची नाही. मशीनच्या अंगावर तळहात ठेवून कुठलं बेअरिंग जाणार आहे ते सांगायचा. जर्मन ड्रॉइंगवरचे शब्द त्याने डिक्शनरी घेऊन स्वतः लावले होते. भांडणं त्याच्याकडे जायची, रजेचे अर्ज आधी त्याला दाखवले जायचे, तात्यांसारखा म्हातारा माणूस त्याला विचारल्याशिवाय नवा जॉब चढवत नसे. त्याची प्रश्नावली मीच भरून घेतली होती. शेवटच्या प्रश्नाला, तुमची इच्छा काय, तो अजिबात लाजला नाही. म्हणाला, "लिहा, फोरमन व्हायचंय. आमच्यातला कुणी अजून झालेला न्हाई हितं. एकदा एकजण झाला म्हंजे पुढच्यांना वाट होती." मी 'फोरमन व्हायचंय' एवढंच लिहिलं. बाकीच्याला रकान्यात जागा नव्हती.

साहेबही गायकवाडवर खूश होते. आडनाव गायकवाड, मूळ गाव खेड तालुक्यात, तेव्हा त्यांनी आपल्या तक्त्यावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिला, शेतीवाडी असलेल्या गावकऱ्यांतला म्हणून. मग मला पहिली शिफारस डिक्टेट केली. मजकूर अजून आठवतो. हा मनुष्य समूहाचं गुरुत्वकेंद्र आहे, याला अधिकार द्यावा लागत नाही, तो याच्याकडे वाहत येतो, निःशंकपणे नेमावा. साहेबांनी आयुष्यात लिहिलेलं हे बहुधा एकमेव शहाणपणाचं पान असावं. ते एमडींकडे गेलं. एमडींनी तोंडी होकारही दिला. दसऱ्यानंतर पत्र निघायचं होतं.

आणि मधे खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशीनं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालून उभी करतात. हळद-कुंकू लावतात, प्रत्येक शॉपच्या मुख्य मशीनसमोर नारळ फुटतो, पेढे वाटतात. घरची माणसं कारखाना बघायला येतात. गायकवाड बौद्ध. धर्मांतराच्या वेळी त्याच्या वडिलांनी ज्या प्रतिज्ञा घेतल्या त्या त्याच्या घरात सगळे मनापासून पाळत. पूजा नाही, नारळ नाही. पण मशीनवर त्याचा जीव होता. म्हणून आमच्या शॉपमध्ये वर्षानुवर्षं एक रीत चालत आलेली होती. सकाळी लवकर येऊन गायकवाड स्वतःच्या हाताने मोठं लेथ पुसायचा, ऑइल द्यायचा, आरशासारखं करून ठेवायचा. नारळाची वेळ झाली की हात धुवायला म्हणून बाहेर नळावर जायचा. तात्या नारळ फोडायचे. मग तात्याच हाक द्यायचे, "गायकवाडाला बोलवा रं, मशीन चालू करू द्या." गायकवाड आत येऊन बटण दाबायचा, मशीन फिरायला लागायचं आणि सगळे टाळ्या वाजवायचे. ही रीत कुणी ठरवून दिली नव्हती, कुणी तिच्यावर चर्चा केली नव्हती. वेगवेगळ्या तऱ्हेच्या माणसांनी एकत्र कसं राहावं याचा जो काही धडा असेल तो त्या नळापासून लेथपर्यंतच्या पंचवीस पावलांत होता, आणि तो शोधायला आम्ही एक सल्लागार नेमला होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी साहेब मला म्हणाले, "उद्या एमडी येणार आहेत. मुख्य मशीनचा नारळ गायकवाडच्या हातून फोडायचा. समूहाचं प्रतीक ज्याच्या हाती, तो नेता. माझा सिद्धान्त त्यांना डोळ्यांनी दिसेल. कशी वाटते कल्पना?"

मला सगळं माहीत होतं. अख्ख्या शॉपला माहीत होतं. पण शुक्रवार होता, बस सुटायला दहा मिनिटं होती आणि काही बोललो असतो तर साहेबांनी खुर्ची ओढून आणखी तीन पानं डिक्टेट केली असती. मी म्हणालो, "छान आहे, सर."

दुसऱ्या दिवशी शॉप नुसतं झळकत होतं. एमडी सपत्नीक आले. एका बाजूला बायका उभ्या होत्या, त्यांत गायकवाडची बायकोही होती. गायकवाड फडकं ठेवून नेहमीप्रमाणे नळाकडे निघाला तोच साहेबांनी त्याचा दंड धरला. त्याला लेथपुढे उभं केलं, हातात नारळ दिला आणि इंग्रजीत एक लहानसं भाषण केलं. मग मराठीत म्हणाले, "फोडा, गायकवाड. आज हा मान तुमचा."

गायकवाडने नारळाकडे पाहिलं. एकदा तात्यांकडे पाहिलं. मला वाटतं एकदा माझ्याकडेही पाहिलं, पण मी तेव्हा पेढ्यांची पुडकी मोजत होतो, म्हणजे मोजत असल्यासारखं करत होतो. त्याची बायको पदर सारखा करून एकटक त्याच्याकडे बघत होती. मग त्याने नारळ अलगद साहेबांच्या हातात परत ठेवला.

"साहेब, माफ करा. आम्ही बौद्ध. आम्ही नारळ फोडत नाही. मशीन मी पहाटेच तयार करून ठेवलंय."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. दीड वर्षं डबे हुंगत फिरलेल्या, मिठाचा नकाशा काढणाऱ्या या माणसाला समोरचा माणूस कोण आहे हे आज चारचौघांत पहिल्यांदा कळत होतं. तात्या पुढे झाले. "द्या हिकडं साहेब, ह्ये आमचं दर सालचं काम हाय," म्हणत त्यांनी नारळ घेतला आणि एका फटक्यात फोडला. मग हाक दिली, "गायकवाडा, कर रं चालू." गायकवाडने बटण दाबलं. टाळ्या वाजल्या, पण सगळ्यांच्या नाही. एमडींच्या हातात पेढा होता, तो त्यांनी खाल्ला नाही.

गाडीत बसताना एमडींनी साहेबांना विचारलं, "अच्छा, म्हणजे हे त्यांच्यातले का?" एवढंच. चांगले गृहस्थ होते, मनात काही वाईट नव्हतं, असं पुढे सगळे म्हणायचे.

पुढच्या मंगळवारी साहेबांनी मला नवी शिफारस डिक्टेट केली. माणूस तोच, गुण तेच, फक्त शब्द फिरले. जो गुरुत्वकेंद्र होता तो आता समूहाच्या भावजीवनापासून काहीसा अलिप्त ठरला. त्याच्याकडे वाहत येणारा अधिकार तांत्रिक स्वरूपाचा निघाला. प्रतीकांशी त्याचं नातं अजून जुळलेलं नाही, सबब दोन वर्षांनी पुनर्विचार व्हावा. मधल्या काळात डिप्लोमा झालेले देशपांडे यांना संधी द्यावी. देशपांडे सव्वीस वर्षांचा होता, माझ्या शेजारच्या गल्लीतला, सकाळी माझ्याच बसला असायचा. पोरगा गुणी होता. ऑर्डर हातात पडल्यावर तो पहिल्यांदा गायकवाडकडेच गेला आणि म्हणाला, "मामा, मला शिकवाल ना?" गायकवाडने त्याला शिकवलंही.

मी ती शिफारस टाइप केली. चुका नव्हत्या. साहेबांनी शाबासकी दिली.

त्यांनी गायकवाडला स्वतः बोलावून घेतलं हे मात्र कबूल केलं पाहिजे. चहा मागवला, बिस्किटं मागवली. अर्धा तास बोलले. पद हे लहान असतं, माणूस मोठा असतो. काही माणसं पदात मावत नाहीत. गायकवाड सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही मला बेचाळीस प्रश्न विचारले. मी एक विचारू का?"

"अवश्य! अवश्य विचारा!"

"नारळ फोडला असता, तर झालो असतो का फोरमन?"

मला वाटलं आता हा माणूस निदान लाजेल. पण त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी डायरी उघडली. "हा प्रश्न तुम्हाला पडावा, हेच फार महत्त्वाचं आहे," म्हणाले आणि लिहायला लागले. गायकवाड थोडा वेळ त्यांच्या पेनकडे बघत थांबला. एवढ्यात शॉपमधून कुणीतरी सांगत आलं की मोठं लेथ बंद पडलंय. "येतो," म्हणून तो उठला. चहा अर्धाच राहिला होता.

दोन वर्षांनी पुनर्विचार झाला नाही. तो करायचा आहे हे ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद कपाटात होता आणि कपाट माझ्या ताब्यात होतं. देशपांडे पुढे दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा फोरमन बाहेरून आणला. गायकवाड चार्जहँडचा चार्जहँडच राहिला आणि सल्लागारांचा करार संपून ते आणखी मोठ्या कंपन्यांकडे गेले.

मला ते पुन्हा दिसले ते ऐंशी सालानंतर, चिंचवडच्या एका सभागृहात. उद्योजकांच्या कुठल्याशा मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं आणि आमच्या कंपनीतून मला पाठवलं होतं, कारण मी आता पर्सोनेल ऑफिसर झालो होतो. साहेबांचे केस पांढरे झाले होते, टाय तोच वाटला. विषय होता विविधतेतलं नेतृत्व. व्याख्यान रंगलं. आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी आवाज खाली आणून एक गोष्ट सांगितली. एका कारखान्यात एक कामगार होता. मी त्याच्या हातात नारळ दिला. तो म्हणाला, साहेब, माझ्या धर्मात हे बसत नाही. सगळे अवाक झाले. पण मी तिथल्या तिथे एमडींकडे वळलो आणि म्हणालो, ज्याच्यात सगळ्यांसमोर नाही म्हणण्याचं धैर्य आहे, तोच तुमचा फोरमन. आणि तो फोरमन झाला!

काय टाळ्या पडल्या! पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मी पण टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजले.

नंतर चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. त्यांनी लगेच ओळखलं. "अरे! तुमचं टाइपिंग काय सुरेख होतं!" म्हणाले. मी म्हणालो, "सर, गायकवाड फोरमन झाला नाही. तुम्ही शिफारस बदललीत. दोन्ही मीच टाइप केल्या होत्या. पहिली अजून फाइलला आहे, दुसरीही आहे."

ते खोटं बोलत नव्हते हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं. इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा सांगून ती गोष्ट त्यांना खरीच वाटायला लागली होती. त्यांनी हातातला कप बशीत ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, मला कोंडीत पकडायला नव्हे तर खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून, त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला सगळं माहीत होतं. मग तुम्ही त्या वेळी बोलला का नाहीत?"

मी म्हणालो, "नोकरीची भीती होती, सर." त्यांना ते पटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते दुसऱ्या कुणाशी बोलायला वळले.

पण ते खरं नव्हतं. मला कुणी काढून टाकणार नव्हतं. ओरडलंसुद्धा नसतं. त्या मंगळवारी ती शिफारस टाइप करताना गायकवाडची फोरमनकी माझ्या बोटांखालून जातेय हे मला स्वच्छ दिसत होतं. तोंड उघडण्याएवढी ती मोठी गोष्ट आहे, असं मला वाटलंच नव्हतं.